हृदयाला यंत्राचा आधार : प्रश्न नुसत्या वयाचा नाही

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर रक्तदाब कोसळलेला रुग्ण आयसीयूत असतो, तेव्हा बाहेर थांबलेल्या नातेवाइकांकडून साधारण दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. रुग्ण पन्नाशीचा असेल तर, ‘‘डॉक्टर, वाट्टेल ती मशीन लावा, पण त्यांना वाचवा.’’ रुग्ण ऐंशीचा असेल तर घरातले कोणी ज्येष्ठ हलकेच म्हणतात, ‘‘पिकलं पान आहे, आता उगाच हाल नकोत.’’ दोन्ही वाक्यांमागे माया असते, यात शंका नाही. पण दोन्हींत निर्णय झालेला असतो तो जन्मसालाकडे बघून, रुग्णाकडे बघून नव्हे. खरे सांगायचे तर डॉक्टरांच्या मनातही पुष्कळदा हेच चाललेले असते. फक्त आम्ही ते इंग्रजीत म्हणतो.

हृदयाला यांत्रिक आधार देणारी उपकरणे मोठ्या शहरांत आता नवी राहिलेली नाहीत. ती कोणाला लावायची, कोणाला नाही आणि त्यात वयाला किती वजन द्यायचे, हा प्रश्न यापुढे अनेक घरांसमोर येणार आहे. तो रात्री दोन वाजता संमतिपत्रावर सही करताना पहिल्यांदा समोर येऊ नये, म्हणून हा लेख.

आधी यंत्रांची ओळख करून घेऊ. सर्वांत जुना आणि आपल्याकडे सर्वांत जास्त वापरला जाणारा म्हणजे बलून पंप. जांघेतल्या धमनीतून महाधमनीत एक लांबट फुगा सरकवतात आणि तो हृदयाच्या ठोक्यांच्या तालावर फुगतो-मिटतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तो वापरात आहे. दुसरा, इम्पेला नावाने ओळखला जाणारा बारीक पंप. तोही जांघेतूनच जातो, पण थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसतो आणि तिथले रक्त ओढून महाधमनीत सोडतो. तिसरे एक्मो. यात रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून ते परत आत ढकलले जाते, म्हणजे हृदय आणि फुप्फुस या दोघांचेही काम यंत्र करते. ही तिन्ही यंत्रे काही दिवसांपुरती, फार तर काही आठवड्यांपुरती. चौथे एलव्हॅड. हा पंप शस्त्रक्रिया करून छातीत बसवतात. त्याची वायर पोटाच्या त्वचेतून बाहेर येते आणि रुग्ण बॅटरी अंगावर वागवत घरी राहू शकतो, अनेक वर्षेसुद्धा.

या सर्वांबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. यंत्र हृदय बरे करत नाही, ते वेळ मिळवून देते. त्या वेळेत हृदय स्वतः सावरले पाहिजे, अँजिओप्लास्टीने किंवा शस्त्रक्रियेने दुरुस्त झाले पाहिजे किंवा दुसरे हृदय मिळाले पाहिजे. कायमच्या आधारासाठी एलव्हॅड बसवला, तर त्याच्यासह जगण्याची ताकद शरीरात आणि घरात हवी. यंत्र म्हणजे पूल. पलीकडे काठच नसेल, तर पूल कितीही भक्कम असून उपयोग नाही.

आता वयाकडे येऊ. वय महत्त्वाचे आहे का? आहे, आणि ते नाकारणे हे विज्ञानाला सोडून होईल. वय वाढते तशी मूत्रपिंडाची राखीव ताकद कमी होते. धमन्या कडक आणि नागमोडी होतात, त्यांत कॅल्शियम साठते, त्यामुळे जांघेतून जाड नळी नेताना पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी औषधे सर्वच यंत्रांसोबत लागतात आणि वयस्कर माणसाच्या आतड्यातून किंवा मेंदूत रक्तस्राव व्हायला निमित्त कमी पुरते. आठवडाभर अंथरुणाला खिळल्यावर तरुणाचे स्नायू पुन्हा भरून येतात. ऐंशीच्या माणसाला त्यानंतर स्वतःच्या पायावर संडासापर्यंत जाणेही कधी कधी परत जमत नाही. भ्रम होणे, नळ्या ओढणे, जंतुसंसर्ग या गोष्टीही जास्त. थोडक्यात, यंत्राचे फायदे सर्वांना सारखे असले, तरी त्याची किंमत वयस्कर शरीर जास्त मोजते.

पण ‘वय महत्त्वाचे आहे’ यापासून ‘अमुक वयानंतर नको’ इथपर्यंतची उडी धोक्याची आहे. वैद्यकशास्त्राने ती एकदा मारून पाहिली आहे.

झटक्यानंतर हृदय इतके दुबळे होते की शरीराला रक्तच पुरत नाही, या अवस्थेला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. उत्तम रुग्णालयांतही यातले चाळीस ते पन्नास टक्के रुग्ण दगावतात. १९९९ मध्ये ‘शॉक’ याच नावाची एक चाचणी प्रसिद्ध झाली. ३०२ रुग्णांत तातडीने बंद रक्तवाहिनी उघडणे आणि आधी औषधे व बलून पंप यांनी स्थिर करणे, यांची तुलना होती. सहा महिन्यांनी तातडीच्या उपचारांचा फायदा स्पष्ट झाला. मात्र ७५ वर्षांवरील गटात चित्र उलटे दिसले : तातडीचे उपचार मिळालेल्यांत महिनाभरात ७५ टक्के मृत्यू, तर दुसऱ्या गटात ५३ टक्के. झाले, मार्गदर्शक सूचनांत ७५ ची रेघ आली. त्याखालच्यांना ठाम शिफारस, वरच्यांसाठी ‘बघून ठरवा’.

ही रेघ किती जणांवर आखली होती? अवघ्या ५६ रुग्णांवर. पुढे लक्षात आले, की त्या ५६ जणांत औषधगटातल्या वृद्धांची हृदये मुळातच बरी होती. चाचणीबाहेरच्या रुग्णांची जी नोंदवही ठेवली होती, तिच्यात तर नेमके उलटे आढळले : ७५ पुढच्या ज्या रुग्णांना डॉक्टरांनी निवडून तातडीचे उपचार दिले, त्यांच्यातले मृत्यू सुमारे ४८ टक्के आणि न दिलेल्यांत ८१ टक्के. निवड करून उपचार दिले म्हणजे बरे रुग्णच निवडले गेले असणार, हा आक्षेप योग्यच आहे. पण माझा मुद्दाही तोच आहे. वृद्धांमध्येही निवड करता येते, आणि नीट केली तर तिचा उपयोग होतो. पुढे वयाची ती रेघ मार्गदर्शक सूचनांतून पुसली गेली. मधल्या वर्षांत तिच्यामुळे कितीजण मागे राहिले, याचा हिशेब कोणाकडे नाही.

हा इतिहास आठवण्याचे कारण ताजे आहे. २०२४ मध्ये डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधील ‘डेंजर शॉक’ चाचणीचे निष्कर्ष आले. मोठा झटका आणि शॉक असलेल्या ३५५ रुग्णांत इम्पेला पंप लावल्यास काय होते, हे त्यात पाहिले. सहा महिन्यांत नेहमीच्या उपचारांत ५८.५ टक्के, तर पंप लावलेल्यांत ४५.८ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक जास्तीचा जीव वाचला. या आजारात एखाद्या यंत्राने मृत्यू कमी केल्याचे इतक्या खात्रीने प्रथमच दिसले. पण किंमतही होती. डायलिसिसची गरज सुमारे २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेली. मोठा रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा कमी होणे या गोष्टीही वाढल्या. नंतर याच रुग्णांचे वयानुसार विश्लेषण झाले, तेव्हा फायदा तुलनेने कमी वयाच्यांत आढळला आणि सुमारे ७७ वर्षांपुढे तो दिसेनासा झाला.

या ७७ कडे दुर्लक्ष करू नये, कारण वर सांगितलेल्या शरीरशास्त्राशी ते जुळते. पण त्याची भिंतही करू नये. ते चाचणीनंतर केलेले, छोट्या गटावरचे विश्लेषण आहे. ते एवढेच सांगते, की ‘या वयात सरसकट सर्वांना पंप लावू नका’. ‘या वयात कोणालाच लावू नका’ असे ते सांगत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची, म्हणजे तरुण रुग्णांची. वय कमी आहे म्हणून कुठलेही यंत्र लावणे योग्य ठरत नाही. २०१२ मध्ये जर्मनीतल्या ६०० रुग्णांच्या चाचणीत बलून पंपाने शॉकमधले महिनाभराचे मृत्यू कमी केले नाहीत : पंपासह ३९.७ टक्के, पंपाशिवाय ४१.३ टक्के. २०२३ मध्ये चारशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत एक्मोचेही तेच झाले : ४७.८ विरुद्ध ४९ टक्के, शिवाय रक्तस्राव जास्त. तरीही ‘अजून लहान आहे हो’ एवढ्या एका वाक्यावर या यंत्रांसाठी शेत गहाण पडते, मुलीच्या लग्नाचे सोने मोडले जाते. वृद्धाला वयामुळे यंत्र नाकारणे हा जसा अन्याय, तसाच तरुणाला वयामुळे निरुपयोगी यंत्र लावणे हाही अन्यायच. फक्त दुसऱ्या अन्यायाचे बिल येते.

एलव्हॅडचा अनुभवही हेच सांगतो. २००१ मधली ‘रीमॅच’ चाचणी मुळात वय किंवा इतर कारणांनी हृदय प्रत्यारोपणाला अपात्र ठरलेल्या १२९ रुग्णांवर झाली. एका वर्षाने पंप लावलेल्यांतले ५२ टक्के हयात होते, औषधांवरचे २५ टक्के. दोन वर्षांनी मात्र २३ आणि ८. पंप तेव्हा ओबडधोबड होते, बिघडत होते. आजच्या चुंबकीय तंत्राच्या पंपावर पाच वर्षांनी सुमारे ५८ टक्के रुग्ण हयात असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ७५ वर्षांपुढच्यांचे काय? अमेरिकेतल्या नोंदवहीनुसार त्यांच्यात मृत्यू आणि रक्तस्राव तरुणांपेक्षा जास्त आहेत. पण जे तरतात, त्यांचे रोजचे जगणे जवळपास तेवढेच सुधारते.

मग वयाऐवजी बघायचे काय? झटका येण्याआधी माणूस कसा जगत होता, हे. वैद्यकात याला फ्रेल्टी म्हणतात. मराठीत क्षीणता म्हणू. कॅनडात तयार झालेली नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी जगभर वापरली जाते. एका टोकाला धडधाकट माणूस, दुसऱ्या टोकाला शेवटच्या आजारातला. ती वापरताना आजची, आयसीयूतली अवस्था धरायची नसते. आजारपणाच्या साधारण दोन आठवडे आधीची धरायची असते. बाजारात एकटे जात होते का? अंघोळ स्वतः करत होते का? पैशांचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा कोण बघत होते? गेल्या वर्षात किती वेळा पडले, वजन किती उतरले? या प्रश्नांना यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

समजा, एका बाजूला ७८ वर्षांच्या बाई आहेत. मधुमेह नाही, मूत्रपिंडे ठीक, रोज देवळापर्यंत चालत जातात. झटका येऊन दोनच तास झालेत, एकच वाहिनी बंद आहे. दुसऱ्या बाजूला ५६ वर्षांचे गृहस्थ आहेत. वीस वर्षांचा मधुमेह, डायलिसिस चालू, वर्षभर घरातल्या घरातही धाप लागते, झटक्याला दोन दिवस उलटलेत, मेंदूला ऑक्सिजन किती काळ मिळाला नाही याची खात्री नाही. पुलापलीकडे काठ कोणाला आहे? वयाच्या रकान्यातून उत्तर चुकीचे येईल.

शिवाय आपल्याकडे तो रकाना तरी किती खरा? महाराष्ट्रात एका पिढीच्या असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख टाकली. जी शाळेत गेलीच नाहीत, त्यांचे वय आधार कार्ड काढताना अंदाजाने ठरले. अशा तारखेवर ७५ किंवा ७७ ची रेघ मारून कोणाचा जीव तोलणार?

क्षीणतेच्या मोजपट्टीवरही एक आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. तिची उत्तरे नातेवाईक देतात, आणि ती देताना घरातली उतरंड बोलते. ‘आजोबा शेतावर जायचे’ हे अभिमानाने सांगितले जाते. ‘आजी काय, घरीच असते’ असे म्हणून विषय संपवला जातो. ती आजी रोज सहा माणसांच्या भाकऱ्या थापते, पाणी भरते, दोन नातवंडे सांभाळते, हे खोदून विचारले तरच कळते. एकट्या राहणाऱ्यांसाठी तर उत्तर द्यायलाही कोणी नसते. म्हणून ही मोजपट्टी एका डॉक्टरच्या डोक्यात राहून चालणार नाही. ती केसपेपरवर लिहिली गेली पाहिजे, कोणी काय सांगितले त्यासह, म्हणजे उद्या तिचा जाब विचारता येईल.

धोरणांकडे पाहिले तर वयाबाबतचा आपला गोंधळ स्पष्ट दिसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने मृत दात्याचा अवयव मिळण्यासाठी नाव नोंदवायची ६५ वर्षांची मर्यादा काढून टाकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळाले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण पाच लाखांत यांत्रिक आधाराचे उपचार पुष्कळदा पूर्ण होत नाहीत. एलव्हॅडचा खर्च तर त्याच्या कित्येक पट. दार सर्वांना उघडले, आत काय आणि कोणाला, हे मात्र सांगितलेले नाही. मग ते कोण ठरवते? ज्या रुग्णालयात यंत्र नाही तिथे यंत्राचा अभाव ठरवतो, आणि जिथे आहे तिथे खिसा. सरकारी रुग्णालयात तर ‘वय जास्त आहे’ हे कारण ‘यंत्र नाही’ या कारणाला झाकून टाकते, आणि ही लपवाछपवी मला सर्वांत जास्त खटकते. यंत्र नसेल तर तसे लिहावे. निदान उद्या मागणी करताना आकडा हाती असेल.

करायला काय हवे? सरकारी व्यवस्थेतल्या प्रत्येक रुग्णालयात इम्पेला आणि एक्मो हवे, असे मी म्हणणार नाही. ते शहाणपणाचे नाही. अशी यंत्रे जिथे वर्षातून चार-दोनदा वापरली जातात, तिथे हात बसत नाही आणि गुंतागुंत वाढते. विभागवार एखादे सुसज्ज शॉक केंद्र हवे, आणि जिल्हा रुग्णालयातून तिथल्या पथकाशी रात्री-अपरात्री फोनवर बोलता आले पाहिजे. निर्णय एकट्या डॉक्टरने न घेता हृदयरोगतज्ज्ञ, अतिदक्षतातज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी मिळून घ्यावा. यंत्र लावलेल्या आणि नाकारलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद राहावी : वय, क्षीणता, कारण, सहा महिन्यांनंतरची स्थिती. आपल्याकडे झटका पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी येतो. मग डेन्मार्कमधले ७७ हे विदर्भातल्या शेतमजुराचे ६७ असेल का? हे आपल्या नोंदींशिवाय कळणार नाही.

आणि यंत्र लावायचेच ठरले, तर ते मुदत ठरवून लावावे. ‘तीन दिवस पाहू. लघवी सुरू झाली, औषधे कमी करता आली, रुग्ण शुद्धीवर आला तर पुढे जाऊ; नाही तर पुन्हा बसून बोलू,’ हे यंत्र लावण्याआधी सांगितले गेले पाहिजे. एकदा लावलेला आधार कायद्याने काढताच येत नाही, हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निष्फळ ठरलेला जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली आणि २०२३ मध्ये ती सोपी केली. डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती आणि कुटुंबाची सहमती ही त्याची चौकट आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेले वैद्यकीय इच्छापत्रही आता करता येते.

वाचकांना एक विनंती. घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर ते धडधाकट असतानाच त्यांना विचारा : तुमच्यासाठी जगणे म्हणजे काय? काही जण म्हणतील, नातीचे लग्न पाहायचे आहे, त्यासाठी काहीही सोसेन. काही म्हणतील, स्वतःच्या हाताने जेवता येणार नसेल तर मला मशीनवर ठेवू नका. दोन्ही उत्तरे योग्यच आहेत, कारण ती त्यांची आहेत. वेळ आली की डॉक्टरांना वय सांगाच, पण त्यासोबत हे उत्तरही सांगा. आणि डॉक्टर नुसते वय लिहून थांबले, तर पुढचा प्रश्न तुम्ही विचारा.